नाचणारं गिऱ्हाईक

पेडण्याला आमच्या वकीलबाईंच्या ऑफिसात मी अठरा वर्षं टायपिंग करते. कामगारांच्या केसी म्हणजे किश्शांचं कोठारच. सांगायला बसलं की समोरचा चहा थंड होतो. पण रेश्माच्या केसने दिलेले धक्के मला अजून पचलेले नाहीत.

रेश्मा किनाऱ्यावरच्या एका क्लबात स्टेजवर नाचायची. तिथेच घसरून घोटा मोडला. कायद्याने कामगार ठरली तर भरपाई, नाही तर बस घरी! ती कुबडी टेकत आली, तेव्हा फॉर्मवर व्यवसायापुढे मी आपलं 'गृहिणी' टाइप केलं. म्हटलं, बाईमाणसाची लाज राखावी.

तिने वाचलं आणि म्हणाली, "ताई, सात वर्षं रोज सहा तास नाचले. लाज तुम्हाला वाटतेय, मला नाही."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. नवा फॉर्म घेतला.

*

घरी सांगितलं तर नवरा भडकला. "असल्या बायकांच्या केसी? तुका दुसरें काम ना?"

हा सुर्ल्याला खाणीचा ट्रक चालवायचा. ट्रक उलटला, हात मोडला, तेव्हा मालकाने सरळ सांगितलं होतं की हा आमचा माणूसच नव्हे. त्याची मी त्याला आठवण करून दिली. सकाळी स्वतःच विचारतो, त्या पोरीचं काय झालं?

*

क्लबमालकाचं लेखी उत्तर आलं. रेश्मा आमची नोकर नव्हेच, ती गिऱ्हाईक; हौसेने येते, लहर आली की नाचते! मी तीनदा वाचलं. बाई म्हणाल्या, चष्मा पुसू नकोस, तसंच लिहिलंय.

मग रेश्माने मोबाइलवर क्लबातल्या नियमांच्या पाटीचा फोटो दाखवला. दहा मिनिटं उशीर, तर त्या दिवशी स्टेज नाही. वजन वाढलं, तर उतरेपर्यंत घरी. गिऱ्हाइकाला काट्यावर चढवून आत घेणारा हॉटेलवाला काही मी आजवर पाहिला नव्हता.

*

लेबर ऑफिसात सुनावणी. मालक कपाळाला गंध लावून हजर. आपला क्लब किती सोवळा, हे दाखवायला फोटोंचा आल्बमच घेऊन आला होता. साहेब पानं उलटता उलटता एका फोटोवर थांबले. खंडेनवमीची पूजा. पाटावर मिक्सर, स्पीकर, बर्फाचा चिमटा आणि मधोमध, झेंडू वाहिलेले घुंगरू.

साहेबांनी विचारलं, हे कुणाचे? मालक म्हणाला, नाचणाऱ्या मुलींचे. मग पूजेत कसे?

मालकाला रागच आला. "साहेब, खंडेनवमीला माणूस आपल्या धंद्याची हत्यारं पुजणार, की गिऱ्हाइकांच्या चपला?"