देवीकडं तोंड करून लावलेली गाडी

जानेवारीतल्या एका मंगळवारी, तामलवाडीत आमच्या दारात, मिस्त्रीनं डिझेल पंपाच्या कामाचे अठरा हजार सांगितले. हजर होतो मी, आई आणि बायको. आमची चौदा वर्षांची मोठी गाडी थंडीत सात-आठ वेळा स्टार्टर मारल्याशिवाय चालू होत नव्हती आणि झाल्यावरही पहिला किलोमीटर धक्के खायची. अठरा हजार घालण्यापेक्षा ती विकावी, असं माझं जवळजवळ ठरलं होतं.

रोज सकाळी किती वेळा स्टार्टर मारला, ते मी वहीत लिहीत होतो. ती वही मिस्त्रीपुढं धरली. अणदूरला सासुरवाडीत मुक्काम केलेल्या चारही दिवशी आकडा फक्त 'एक' होता.

"माझ्या माहेरी कशी गुमान चालू होते बघा," बायको म्हणाली.

मिस्त्रीनं मला विचारलं, "तिथं गाडी कुठं लावता?"

"सपाट अंगणात."

"आन् इथं?"

"चढावर, तुळजापूरकडं तोंड करून. आईचा नियम आहे."

मिस्त्री गाडीखाली शिरला. डिझेलच्या नळीची क्लिप सैल होती. तिथून हवा शिरायची आणि गाडीचं नाक वर असल्यानं रात्रभरात डिझेल मागं टाकीत उतरायचं.

"मावशी, गाडी उलटी लावली तर फुकटात काम हुतंय," मिस्त्री म्हणाला.

"देवीकडं पाठ करून? तू क्लिप बदल," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गाडी, तोंड तिकडंच असताना, पहिल्याच स्टार्टरला चालू झाली. मिस्त्रीला क्लिप, नळी आणि मजुरीचे दोनशे चाळीस रुपये दिले. देवीच्या नारळाचे पन्नास आईनं माझ्याकडून वेगळे घेतले.