थांबारावांची आढी

आमच्या कॉलेजच्या हेडक्लार्कना आईवडिलांनी चांगलं भारदस्त नाव ठेवलं होतं, पण ते आता फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. बाकी सगळ्या कॉलेजसाठी ते थांबाराव. खिडकीशी कुणी आलं की मान वर न करता ते म्हणत, "थांबा." समोरचा आधीच अर्धा तास थांबलेला असे, तरीही म्हणत. एकदा खुद्द प्राचार्य खिडकीशी आले होते. तेही थांबले.

मी त्याच मजल्यावर लायब्ररी सांभाळते. माझ्या टेबलावरून त्यांची खिडकी सरळ दिसते, त्यामुळे बावीस वर्षं मी पुस्तकं कमी आणि थांबारावच जास्त वाचले आहेत.

कॉलेज बदलायचं तर सोडल्याचा दाखला लागतो, आणि तो थांबारावांच्या हातून मिळतो. लिहायला दहा मिनिटं लागतात. थांबाराव तीन दिवस लावत. आलेला अर्ज हिरव्या फायलीत जाई, फायलीला दोरी बांधली जाई आणि दोरीला त्यांची ती खास गाठ. फळं पिकायला घालतात तसे अर्ज तिथे पडून राहत, म्हणून सगळं ऑफिस त्या फायलीला आढी म्हणे. चौथ्या दिवशी सकाळी अकराला गाठ सुटायची. त्याआधी ते कुणाच्या बापाचं ऐकत नसत.

मला त्यांचा राग यायचा आणि मी तो तोंडावर बोलून दाखवायची. "पोरांना कशाला ताटकळत ठेवता हो? दहा मिनिटांचं काम."

"बाई, दहा मिनिटांत दिला होता एकदा," ते म्हणत, आणि मग ती गोष्ट सांगत. मला ती पाठ आहे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एक मुलगा तणतणत आला, दाखला द्या म्हणाला, यांनी हातोहात दिला. मित्राशी भांडण झालं होतं, एवढंच. आठ दिवसांनी तोच मुलगा खिडकीशी येऊन रडला. तोवर त्याची जागा भरली होती. तेव्हापासून आढी. आणि खोटं कशाला बोलू, चारातला एक अर्जदार तिसऱ्या दिवशी मान खाली घालून यायचाच. "सर, माझा अर्ज परत द्या." थांबाराव त्याला ओरडत नसत. अर्ज टेबलाच्या खालच्या खणात ठेवत आणि म्हणत, "जा, तासाला बस." त्या खणात असे शेकड्यांनी अर्ज होते. लोक बक्षिसं जपून ठेवतात, यांनी ते अर्ज जपले होते.

थांबारावांना एकच मुलगी. तिला त्यांनी अर्थातच आमच्याच कॉलेजात घातलं. सकाळी स्कूटरवरून दोघं यायची, दुपारी ऑफिसात बसून एकाच डब्यातलं जेवायची, संध्याकाळी स्कूटरवरून जायची. थांबारावांच्या मते याहून सुखाचं शिक्षण जगात नव्हतं. लेकीचं मत त्यांनी विचारलं नव्हतं.

मला ते दिसत होतं. ती आली की पोरापोरींच्या घोळक्यात एकदम शांतता पसरायची, कारण त्या क्षणाला कुणीतरी हमखास थांबारावांची नक्कल करत असायचं. तिनं वर्षभरात एकच तास बुडवला, तर पुढच्या तासाला शिपाई वर्गात हजर. "बाबांनी विचारलंय, ताप आहे का?" एकदा हवा गार होती, तर त्याच शिपायाबरोबर स्वेटर आला. भर वर्गात. त्या दिवशी ती लायब्ररीत येऊन बसली आणि तासभर एकच पान उघडं ठेवून होती. 

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, एका सोमवारी तिनं माझ्याकडची सगळी पुस्तकं परत केली. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक कॉलेज आहे. तिथे तिला जागा मिळाली होती. तोच अभ्यासक्रम, तीच पुस्तकं, वर जायला तासभर बस. मूळ दाखला शुक्रवारी पाचच्या आत जमा केला नाही तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला.

"बाबांना सांगितलंस?"

"तीनदा. ते म्हणतात, बघू."

बापाच्या तोंडचं बघू म्हणजे काय, हे सांगायला ग्रंथपाल लागत नाही. मी 'पुस्तक बाकी नाही' असं लिहून सही करून दिली.

मंगळवारी ती रांगेत उभी राहिली. पुढे पाचजण होते. नंबर आल्यावर तिनं अर्ज आत सरकवला. थांबाराव मान वर न करता म्हणाले, "थांबा." मग त्यांनी अर्जावरचं नाव वाचलं, आणि मान वर आली.

"घरी बोलू," ते हळूच म्हणाले.

"घरी बोलून झालं, सर."

तो 'सर' मला माझ्या टेबलाशी ऐकू आला. थांबाराव अर्ज वाचत खाली सरकले. कॉलेज सोडण्याचे कारण, या रकान्यावर त्यांचा फार कटाक्ष. नुसतं 'वैयक्तिक' लिहिलं तर अर्ज परत करायचे, खरं कारण लिहा म्हणायचे. लेकीनं त्यांचं ऐकलं होतं. स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: वडील याच कॉलेजात आहेत.

थांबारावांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचलं. चष्म्याचा दोष नव्हता. मग त्यांनी अर्ज आढीत घातला, दोरी बांधली आणि खिडकीबाहेर म्हणाले, "शुक्रवारी अकराला. पुढचा कोण?"

दुपारी डबा उघडला नाही. मी जाऊन म्हटलं, "अहो, ती काय सातासमुद्रापार चालली आहे? रात्री जेवायला घरीच असणार."

"तीन दिवस आहेत, बाई. पोरं परत येतात."

बुधवारी ती खिडकीवरून गेली, यांनी मान वर केली. गुरुवारीही तेच. ज्या माणसाची मान बावीस वर्षांत प्राचार्यांसाठी वर झाली नाही, ती दर तासाच्या घंटेला वर होत होती. मला हसू यायचं आणि लगेच वाईटही वाटायचं. अर्ज परत मागायला ती आली नाही.

शुक्रवारी अकराच्या ठोक्याला त्यांनी गाठ सोडली. आपल्याच हातची गाठ, पण ती पहिल्या खेपेला सुटली नाही. वळणदार अक्षरात दाखला लिहिला आणि सहीला घेऊन गेले, तर प्राचार्यांची खोली बंद. शिपाई म्हणाला, साहेब सकाळीच विद्यापीठात बैठकीला गेले, थेट सोमवारी येतील.

थांबारावांचा चेहरा मी त्या दिवशी पहिल्यांदा पांढरा पडलेला पाहिला. हाच दाखला मंगळवारी लिहिला असता तर मंगळवारीच सही झाली असती. नियम त्यांचाच, फायल त्यांचीच, आता बोलणार कुणाला? त्यांनी दाखल्यांचं पुस्तक काखोटीला मारलं, गोल शिक्का आणि शाईची डबी रुमालात गुंडाळून खिशात घातली. शिक्का ते जन्मात दुसऱ्याच्या ताब्यात देत नसत. लेकीला हाक मारली आणि स्कूटर काढली. रजेचा अर्जसुद्धा टाकला नाही.

पुढचं मला तिनं सांगितलं. विद्यापीठात बैठकीच्या दाराबाहेर एक बाकडं आणि बाकड्यापाशी एक क्लार्क. थांबाराव घाईघाईनं म्हणाले, "एक सही हवी आहे. पोरीची जागा जाईल हो!"

क्लार्क मान वर न करता म्हणाला, "थांबा."

शेरास सव्वाशेर! थांबाराव बाकड्यावर बसले. दर पाच मिनिटांनी उठत होते, दर वेळी तेच ऐकून बसत होते. लेक शेजारी बसून हसू दाबत होती. तिसऱ्यांदा बसल्यावर तेही हसले. पण घड्याळाकडे बघायचे आणि हसू जायचं. पावणेचारला दार उघडलं, सही मिळाली.

शहर ओलांडून नव्या कॉलेजात पोचले तेव्हा पाचाला वीस मिनिटं होती. रांग होती. थांबाराव आयुष्यात पहिल्यांदा खिडकीच्या बाहेरच्या बाजूला, रांगेत. नंबर लागला तेव्हा पाचाला सात मिनिटं. खिडकीतल्या बाईंनी दाखला हातात घेतला, वाचला, आणि कारणाच्या रकान्यावर बोट ठेवून थांबल्या. थांबारावांनी अर्जातलं कारण जसंच्या तसं उतरवलं होतं. 'पुढील शिक्षणासाठी' असं गुळगुळीत काहीही त्यांना लिहिता आलं असतं. लिहिलं नव्हतं.

"हे काय कारण झालं?" बाई म्हणाल्या. "असं चालायचं नाही. सोमवारी दुरुस्त करून आणा."

"सोमवारी जागा जाईल, मॅडम," लेक म्हणाली.

"अहो, पण कुणीही काहीही लिहील! हे खरं कशावरून?"

थांबाराव पुढे झाले. "बाई, कागद द्या एक." कोऱ्या कागदावर त्यांनी उभ्या उभ्या लिहिलं: दाखल्यातील कारण खरे आहे. खाली सही केली, सहीखाली कंसात 'वडील' लिहिलं. मग हात आपसूक खिशाकडे गेला, रुमाल सुटला, आणि आमच्या कॉलेजचा गोल शिक्का त्या कागदावर उमटला.

बाईंनी शिक्क्याकडे पाहिलं, माणसाकडे पाहिलं, मग मुलीकडे. घड्याळात पाचाला दोन कमी होते. त्यांनी दाखला जमा करून घेतला.

सोमवारी थांबाराव एकटे आले. दुपारी डब्याला मला बोलावलं, पण फारसे जेवले नाहीत. जेवण झाल्यावर गेल्या आठवड्याचे अर्ज फायलींना लावायला बसले. दिलेल्या दाखल्यांचे अर्ज कपाटातल्या लाल फायलीत जातात. लेकीचा अर्ज त्यांनी हातात घेतला, थोडा वेळ तसाच धरला, आणि टेबलाच्या खालच्या खणात ठेवला.

"अहो, तो परत आलेल्यांचा खण," मी म्हटलं. "ती तर गेली."

"रोज संध्याकाळी येणार की परत," थांबाराव म्हणाले, आणि त्यांनी खण लावला.