जखम कुणाला होते

आमच्या घरात 'जखम' हा शब्द फक्त माणसांसाठी होता, आणि माणसांतही बाबांसाठी. पऱ्हाटीचा खुंट त्यांच्या तळव्यात घुसला की ती जखम. मग हळद, खाट आणि आठ दिवस घरभर कण्हणं. आईचा हात विळ्यानं कापला तर 'चिरलं'. बैलाची खांद जुवानं सोलून आतलं लाल मांस दिसू लागलं तर 'खरचटलं'.

त्या वर्षी साता समुद्रापार कुठंतरी लढाई जुंपली होती आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. बाबांनी ज्वारीचं वावरही पऱ्हाटीखाली घातलं. काम दुप्पट झालं, बैल मात्र तेच दोन. त्यातला तांबडा आईनं चांदूरहून, माहेराहून वासरू असताना आणलेला. पावसाळाभर तण काढायच्या डवऱ्याला जुंपून त्याची खांद पार सोलून गेली.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांद तूप-हळदीनं शेकतात आणि "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणतात. आईचा हात लागताच तांबडा थरथरला.

"आठ दिवस सोडा ना जी याले. जखम हाये थे," ती म्हणाली.

"खरचटलं हाये. बैलाले कायची जखम?" बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सारं गाव बैल पाहणार, म्हणून त्यांनी खांदेवर गेरूचा जाड लेप चढवला. तोरणाखाली तांबडा असा नटून उभा होता की लोकांनी बाबांच्या बैलप्रेमाचं कौतुक केलं. बाबांनी ते मिशीवर हात फिरवत ऐकून घेतलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची कर संपताच पुन्हा जू आलं. रक्त दिसू नये म्हणून रोज वरून गेरू. चौथ्या दिवशी तांबडा पऱ्हाटीच्या ओळीत, तासातच बसला, तो उठलाच नाही.

लोक जमले. बाबांनी डोळ्यांना शेला लावला. "लय जखमी होता बापा. म्या किती जपलं त्याले."

जिवंतपणी नाकारलेला शब्द मेल्याबरोबर फुकटात मिळाला. मला बाबांची इतकी लाज कधी वाटली नव्हती. आईनं घागर आणली आणि सगळ्यांसमोर तांबड्याची खांद धुतली, गेरू पार निघून जाईस्तोवर. खाली काय होतं ते साऱ्यांनी पाहिलं.

"जखम हाये हे कवापासून माईत होतं तुमाले?" तिनं बाबांना विचारलं.

जमलेले लोक एकेक करून बाबांपासून बाजूला सरकले.