बी एका ओळीत की दोन

शकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी औशाच्या बसस्टँडवर लातूरच्या गाडीची वाट बघत होते. फोन आमच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकाचा. "मॅडम, आपल्या निसर्गप्रेमी बाई गेल्या हो," तो म्हणाला. कोण गेलं तेच मला आधी कळेना... हा शब्द शकूला अजिबात खपत नसे. एकदा सत्कारात कुणीतरी तो वापरला, तर हार हातात धरूनच ती म्हणाली होती, "निसर्गप्रेमी बिमी मी न्हाई. वनस्पतिशास्त्र शिकवते, त्याचा पगार घेते." आणि नेमक्या त्याच शब्दानं तिच्या जाण्याची बातमी यावी! रडू नंतर आलं. राग आधी आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

अहमदपूरच्या कॉलेजात ती वनस्पतिशास्त्र शिकवायची, मी मराठी. चाकूरहून एकाच एसटीनं जाणंयेणं, त्यामुळं मैत्री होणारच होती. तिचा सगळा जीव ओलीत उगवणाऱ्या बारक्या झाडांवर. त्यातही मोहरीच्या नात्यातल्या दोन झाडांनी तिला पुरतं झपाटलं होतं. लोक दोन्हींना रानमोहरी म्हणतात, बहुतेक जण नुसतं तण म्हणून उपटून टाकतात. पानं सारखी, उंची सारखी, शेंगाही तशाच बारीक. एकाला चार पिवळ्या पाकळ्या येतात, दुसऱ्याला बहुतेक येतच नाहीत. मी एकदा शहाणपणा केला, "मग सोपं आहे की." तर म्हणाली, "अन् पाकळ्या झडून गेल्यावर काय करशील गं? शेंग उघडून बघावं लागतं. कप्प्यात बी दोन ओळीत असलं तर पाकळीवालं. एका ओळीत असलं तर बिनपाकळीचं. उघडल्याबिगर नाव द्यायचं न्हाई." त्यासाठी तिच्या पदराला कायम एक टाचणी टोचलेली असायची. पाकळीवालं आमच्या भागात कुठल्याही ओढ्याकाठी सापडतं. बिनपाकळीचं मात्र इतक्या वर्षांच्या हिंडण्यात तिला एकाच जागी भेटलं होतं, एका पाझर तलावाच्या मातीच्या भिंतीखाली, जिथं पाणी झिरपून बाराही महिने चिखल असतो. तिथं दोन्ही शेजारी शेजारी उगवायची. दर हिवाळ्यात पोरांना घेऊन ती तिथं जायची आणि प्रत्येकाला स्वतःच्या हातानं शेंग उघडायला लावायची. मलाही सोडलं नाही. चिखलात माझी चप्पल रुतून तुटली, तर हसून म्हणाली, "वर्गात मातीवर लई बोलतीस, आज भेट झाली."  

तिच्या पुण्यानुमोदनाला बरीच माणसं जमली होती. वंदना झाली, बोलणारे बोलले, आणि कॉलेजातर्फे जाहीर झालं की बाईंच्या नावानं स्मृतिवन करायचं, तेही बाईंच्या आवडत्या जागेवर. मला भरून आलं. वाटलं, चला, निदान ती जागा तरी राखतील. काही आठवड्यांनी उद्घाटनाआधी मला बघायला बोलावलं, भाषण माझंच होतं म्हणून. जाऊन बघते तर भिंतीखाली चिखलाचा पत्ता नाही. मुरूम टाकून, रोलर फिरवून मैदान केलेलं. गुलमोहराची रोपं, पेव्हर ब्लॉकची वाट, आणि कमानीवर शकूचा फोटो, खाली 'निसर्गकन्या'. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. स्मृतिवन समितीचा अध्यक्ष शकूचाच जुना विद्यार्थी. त्याला विचारलं, "इथं काय होतं रे?"

"काय न्हाई मॅडम, चिखल अन् तण. सगळं साफ करून घेतलं. बाईंच्या नावाला शोभलं पाहिजे ना."

"याच चिखलात बसून तू शेंग उघडली होतीस."

"हाव, उघडली असंल. लई वर्षं झाली त्याला," म्हणाला, आणि कामावरच्या माणसाला कमान सरळ करायला सांगू लागला.

अरे, जिवंतपणी तिला प्रयोगशाळेत साधा नळ दिला नाही तुम्ही. आणि मेल्यावर तिचं एवढं एक झाड गाडून त्याच्यावर तिचंच नाव लावता? शत्रूनं केलं असतं तर भांडता तरी आलं असतं. हे प्रेमानं केलंय म्हणे! भाषण मी करणार नाही, असं तोंडावर सांगून निघाले आणि थेट शकूच्या घरी गेले.

दाजी, म्हणजे शकूचे यजमान, मागच्या अंगणात रांजण भरत होते. घरात फिल्टर आहे. रांजणाचं पाणी आता कुणी पीत नाही, हे मला माहीत होतं. मी सगळं सांगितलं. त्यांनी हातातली कळशी खाली ठेवली. मग म्हणाले, "तिला वाटतच होतं कोणीतरी कधीतरी मुरूम टाकंल. मागल्या हिवाळ्यात तिथल्या चिखलाचा गोळा आणून तिनं हितं लावला. रांजण कोरडा पडू देऊ नका म्हणाली... म्हणून भरून राहिलो. पण त्यातलं कोणतं जगलं, ते मला काय कळतंय?" त्यांनी खुंटीवरच्या तिच्या लुगड्याच्या पदरातली टाचणी काढून माझ्या हातात दिली.

रांजणाच्या बुडाशी बाहेरून, झिरपणाऱ्या ओलीत वीतभर झाडं उभी होती. फुलं सरलेली, नुसत्या शेंगा. मी मराठीची मास्तरीण, तरी टाचणी लावली. एक शेंग उघडली. नीट दिसेना म्हणून दुसरी उघडली, मग तिसरी. तिन्हीत बी एकाच ओळीत होतं.

"तेच हाय का?" दाजींनी विचारलं.

"तेच आहे दाजी."

 अर्धा राहिलेला रांजण त्यांनी काठोकाठ भरला. तेव्हा मात्र मला रडू आवरेना.

समितीला हे कळवणार नाही. कळलं तर रांजणाखाली फरशी बसवून तिथंही फोटो लावतील. हे लिहिलेलं पेपरात छापून येईल खरं, पण शकूवरचं काही पूर्ण वाचायची सवय त्यांना कधीच नव्हती.