दृढीकरणाचं कबूतर

आधी चहा घ्या. माझी ही फजिती कोरड्या घशानं ऐकण्यासारखी नाही.

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातलं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही नोएडात फ्लॅट घेतला, त्या काळची गोष्ट. घरोघरी नुकतीच केबल आलेली. बाल्कनीतून मोहरीच्या शेतात उभे राहिलेले अर्धवट टॉवर दिसायचे, आणि हिवाळ्याच्या धुक्यात ते जमीन सोडून तरंगताहेत असं वाटायचं. असल्या हवेत माणूस खरं बोलेल का, तुम्हीच सांगा.

अशाच एका सकाळी माझ्या भावाच्या मुलीला, तेरा वर्षांच्या रोझीला, मी माझ्या दृढीकरणाची, म्हणजे चर्चमधल्या कन्फर्मेशनची, गोष्ट सांगितली. "बिशपांनी कपाळाला तेल लावलं, आणि खिडकीतून पांढरं कबूतर आलं ते थेट माझ्या खांद्यावर बसलं. पवित्र आत्माच, दुसरं काय."

आता खरं काय ते ऐका. बिशप नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी आले त्या दिवशी मी गालगुंड घेऊन गोधडीत पडलो होतो. पुढे दिल्ली, नोकरी, लग्न. दृढीकरण राहिलं ते राहिलंच. बायकोला, स्टेलालासुद्धा ठाऊक नव्हतं.

दोन महिन्यांनी रोझी म्हणाली, "काका, माझं कन्फर्मेशन आहे. खांद्यावर हात ठेवून मागे उभं राहायला एक मोठं माणूस लागतं. मला तुम्हीच पाहिजे. तुमच्याकडे कबूतर आलं होतं."

"बिल्कुल," मी म्हणालो. कबुतरानं बोलायला लावलं.

नाव नोंदवायला चर्चमध्ये गेलो, तर फादरनी शांतपणे विचारलं, "तुमच्या दृढीकरणाचं सर्टिफिकेट?"

"गावाला आहे."

"मागवून घ्या."

"चर्चचं दप्तर पावसात भिजलं हो."

"अच्छा. मीच पत्र टाकतो तिथल्या फादरना."

मग मी गालगुंडावर आलो.

फादर हसले नाहीत. "बाप्तिस्मा झाला तेव्हा तुम्ही तान्हे होता. तुमच्या वतीनं आईवडील 'हो' म्हणाले. दृढीकरण म्हणजे तेच 'हो' आता स्वतःच्या तोंडानं म्हणायचं. ते तुम्ही म्हटलेलंच नाही, तर तिच्या मागे कसे उभे राहणार? रविवारी क्लासला या."

गेलो. पोरांचा बाक, माझे गुडघे हनुवटीला लागलेले. शेजारी कोण? रोझी.

"काका, तुम्ही शिकवायला आलात?"

"नाही गं. शिकायला."

"म्हणजे कबूतर..."

मी वही उघडली.

ती दुसऱ्या बाकावर जाऊन बसली आणि मागे उभं राहायला काकूला सांगितलं. पुढचे सगळे रविवार माझ्याशी एक शब्द नाही. स्टेला निदान ओरडली तरी. पण लेकरानं विश्वास काढून घेतला की झोपेतसुद्धा खुपतं.

तो दिवस उजाडला. चर्चही अजून अर्धवटच, खिडक्यांना काचा नाहीत. उन्हाचे पट्टे आत उतरलेले, त्यांत सिमेंटची धूळ सोन्यासारखी हळूहळू फिरत होती. रोझीचं झालं, मग माझी पाळी. स्टेला माझ्या मागे सरकली. उजव्या खांद्यावर तिचा हात पडला, चांगला वजनदार. कपाळावर तेल, त्याचा मंद वास. थोड्याच वेळापूर्वी पोरासोरांत उभं राहून स्वतःच्या तोंडानं म्हटलेलं ते 'हो' आठवलं. तेवढ्यात डाव्या खांद्यावर एक छोटा हात आला.

रोझीचा.

बिशप म्हणाले, "प्रार्थना करू या." सगळ्यांनी डोळे मिटले. आणि शपथेवर सांगतो, खिडकीतून एक पांढरं कबूतर आलं, बिशपांच्या उंच टोपीच्या टोकावर बसलं, मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं आणि उन्हात विरघळल्यासारखं निघून गेलं.

बाहेर केक वाटत होते. मी रोझीला गाठलं. "अगं, खरंच आलं कबूतर. टोपीवर बसलं."

"कोणी पाहिलं?"

"मी एकट्यानं. बाकी सगळ्यांचे डोळे मिटलेले होते ना."

रोझी केक खायची थांबली. मग वळून म्हणाली, "काकू, प्रार्थनेत यांचे डोळे उघडे होते. पुढच्या बॅचला परत बसवा यांना."