काल काय जेवलात?

आबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात, देवपूरच्या माझ्या घरी जेवायलाच बसलो होतो. आबांचा आणि माझा सगळा व्यवहार ताटावरच झालेला, त्यामुळे निरोपही तिथंच यावा यात नवल नाही. फोन त्यांच्या मुलाचा, सुरतेहून. "भाऊ, आबा गेले... मी गाडीत बसलोय." आणि मी, शोकाच्या वेळी हमखास भलतंच बोलणारा माणूस, त्याला विचारलं, "जेवलास का?"

हा प्रश्न विचारायचा मला एकेकाळी पगार मिळायचा. एका ग्रामविकास प्रकल्पाच्या पाहणीसाठी मी सोनगीरच्या पुढच्या गावांतून हिंडायचो. शेतात काय पेरलं, काय पिकलं, घरात काल काय शिजलं. बंधारा कोणत्या गावाला द्यायचा ते यावरून ठरणार होतं. आबांच्या गावातल्या विहिरी होळीलाच तळ दाखवायच्या, त्यामुळे सगळ्यांचा जीव त्या बंधाऱ्यात अडकलेला. आम्ही आदल्या दिवशीच मुक्कामाला पोचलो. गावात आबांचा शब्द चालायचा; त्यांनी घरोघरी बजावून ठेवलं होतं, पाहुणे येताहेत, गावाची शोभा करू नका. मग काय, ज्या घरांची पाहणी करायची त्याच घरांत आमची पंगत. वरण-बट्टी, वर तूप. काहींनी तूप शेजारून मागून आणलं होतं हे मला कळलं, पण तोवर मी ढेकर देऊन मोकळा झालो होतो.

सकाळी त्याच घरांत मी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, काल काय जेवलात? खोटं कुणीच बोललं नाही. वरण-बट्टी, तूप. मीही इमानदारीनं लिहिलं, अगदी सुवाच्य अक्षरात... गाव खाऊनपिऊन सुखी निघालं. बंधारा शेजारच्या गावाला गेला. तिथं आम्ही न कळवता गेलो होतो आणि त्यांनी आम्हाला नुसत्या चहावर वाटेला लावलं होतं.

धुळ्याच्या कार्यालयात साहेबांना हे सांगायला गेलो. "म्हणजे तुम्ही जेवलात म्हणून गाव श्रीमंत झालं?" ते म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो, याची चीड अजून येते. मग साहेब म्हणाले, गावानं अर्ज द्यावा, खायची भ्रांत आहे असा, पुन्हा पाहणी करू. मी मजकूर लिहून आबांकडे नेला. त्यांनी वाचला, घडी घालून माझ्या खिशात ठेवला.

"असं लिखी दिधं ते आमना गावमा पोर कोन दी?"

मी खूप वाद घातला. सही मिळाली नाही. पुढं त्यांचा मुलगा सुरतेला गेला, त्याच्या मागून गल्लीतली बाकीची पोरं. अब्रू शाबूत राहिली, शेतं पडीक झाली. आणि पाणी नाही म्हणून त्या गावात पोरी तशाही कुणी देईना.

त्यानंतर मी कधीही गेलो की आबा माझ्यापुढं कोरडी भाकरी आणि ठेचा ठेवायला लावायचे आणि बोटानं ताट दाखवायचे. "लिख आते." ही गंमत होती की राग, मी कधी विचारलं नाही. विचारण्याचा पगार तोवर बंद झाला होता...

तेराव्याला गेलो. पंगतीत वरण-बट्टी. मुलगा तूप वाढत माझ्यापाशी आला, तसं अक्कांनी, आबांच्या पत्नीनं, त्याला पुढं जायला सांगितलं. माझं ताट उचललं आणि दुसरं आणून ठेवलं. भाकरी, ठेचा.

"आबा सांगी गयात, भाऊले हाईच वाढानं."

शेजारच्या पाहुण्यानं हळूच विचारलं, पथ्य आहे का? मी हो म्हणालो आणि भाकरी मोडली. ताट रिकामं होईपर्यंत अक्का समोरून हलल्या नाहीत.