ताईंना नम्र म्हणू नका

मानसशास्त्रज्ञ डॉ. सुनंदाताईंची आणि माझी ओळख येरवड्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत झाली. नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी यवतमाळहून नोकरीसाठी आलेली, ताई कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी बोलावलेल्या. वर्षाअखेरीला प्रत्येकाने स्वतःच्या कामाला दहापैकी गुण द्यायचे आणि त्यावरून परदेशी जाणाऱ्या गटाचा प्रमुख ठरायचा, अशी तिथली पद्धत होती. माझ्याच हाताखाली शिकलेल्या मुलांनी स्वतःला नऊ दिले. मी पाच. ते प्रमुखपद मला मनापासून हवं होतं, तरीही पाचच.

"तुमचं काम पाचाचं आहे?" ताईंनी विचारलं. नाही, मी म्हणाले, पण आपणच आपलं कसं सांगायचं?

बैठकीत परदेशी साहेब म्हणाले, इथल्या मुलींत आत्मविश्वासच नाही. मुली स्वतःला कमी लेखतात ते तुमच्याकडेही, असं ताईंनी त्यांना शांतपणे सुनावलं. कुठे कमी, कुठे जास्त, एवढाच फरक. इथे स्वतःबद्दल चांगलं बोलणारा मुलगा हुशार ठरतो आणि मुलगी आगाऊ. मग म्हणाल्या, "तुम्ही काम मोजत नाही, आमच्या घरातलं वळण मोजताय. हीच मोजपट्टी राहणार असेल, तर मी उद्यापासून येणार नाही."

त्या वर्षी माझं नाव आलं नाही आणि ताई खरंच आल्या नाहीत. चांगलं चाललेलं काम त्यांनी सोडलं, याचा मला अजून अभिमान वाटतो आणि त्या साहेबांचा अजून राग येतो. पुढच्या वर्षी कंपनीने निवडीसाठी प्रत्यक्ष काम तपासलं, तेव्हा मी प्रमुख म्हणून गेले.

मधल्या काळात ताई मला कात्रजच्या घरी पुष्कळदा जेवायला नेत. त्यांच्या ऐंशीच्या सासूबाई आमटी वाढताना बेधडक म्हणायच्या, अशी आमटी पुण्यात कुणाला जमत नाही. ताई एकदा मला म्हणाल्या, "वय झालं की बाईला हे बोलता येतं. तू तेवढी थांबू नकोस."

या गौरवग्रंथाच्या मसुद्यात ताईंना 'निगर्वी' आणि 'प्रसिद्धीपराङ्मुख' म्हटलं होतं. त्यांनी फोन करून ते शब्द काढायला लावले. पुरुषांच्या गौरवग्रंथात कर्तृत्व असतं आणि बायकांच्या ग्रंथात नम्रता, एवढंच म्हणाल्या. ग्रंथाच्या संपादक मंडळातल्या काही ज्येष्ठांना ते रुचलं नाही. न रुचो.

ताईंनी पंच्याहत्तरी पूर्ण केली आहे. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, आणि भांडायला पुरेसा दमही. या ग्रंथात त्यांच्यावर पुष्कळांनी लिहिलं आहे. सर्वांत चांगलं मी लिहिलं आहे.